धक्का आपला

अब्बा, तुमच्या रस्त्यावर आता हरणं आहेत. तुम्हाला खोटं वाटेल. जेद्दाहून रियाधला माल नेता-आणता तुमची अर्धी हयात त्या डांबरावर गेली, आणि सुट्टीवर घरी आलात की मी पहिला प्रश्न हाच विचारायचे, वाळवंटात काय काय दिसतं? तुम्ही म्हणायचात, "उंट, आणि फुटलेले टायर." आणि हरीण? "हरीण आता गोष्टीत, बाय." लोक जीप घेऊन मागे लागायचे, दमवून दमवून मारायचे, हे तुम्हीच सांगितलेलं. पार निकाल लावला होता. मग शिकारबंदी आली, कुंपणं आली, बंदिस्त जागेत वाढवलेली हरणं पुन्हा मोकळी सोडली गेली. मी त्याच कामावर आहे. मी जनावरांची डॉक्टर व्हायला निघाले तेव्हा मोहल्ल्यात सगळे हसले होते, पोरगी एवढं शिकून शेवटी बकऱ्यांना सुया मारणार म्हणून. बकऱ्यांऐवजी हरणं मिळाली एवढंच, सुया मारतेच आहे.

आता पंचाईत वेगळीच झाली आहे. हरणं वाढली. मागचे हिवाळे बऱ्या पावसाचे गेले, आणि पाऊस पडला की डांबरावरचं पाणी दोन्ही कडांना उतरतं, तिथेच गवत आधी उगवतं. जिथे गवत तिथे हरीण, आणि त्याला खेटून तुमच्यासारख्यांचे ट्रेलर. आमच्या बैठकांत रोज वाद. एक म्हणतो रस्त्याला जाळी मारा, दुसरा म्हणतो जाळी मारली तर कळप दोन्हीकडे अडकून पडेल, तिसरा म्हणतो संख्या पुरेशी झाली आहे तर परवाना देऊन थोडी शिकार खुली करा. हा तिसरा बोलायला लागला की बाकीचे अंगावर येतात. मी गप्प बसते, कारण मला तुम्ही आठवता. पीक राखायच्या बंदुकीने लोकांच्या शेतातली डुकरं मारणारे आणि मारलेल्या डुकराला काठीनेसुद्धा न शिवणारे तुम्ही. "मादीवर नेम धरायचा नाय, पावसाळ्यात रानात पाय टाकायचा नाय," हे तुमचे कायदे, सरकारने केलेले नव्हेत. पहिल्यांदा मक्केहून आलात तेव्हा म्हणाला होतात, इहराम बांधला की शिकार हराम, त्या दोन पांढऱ्या कापडांत माझ्यासारख्या शिकाऱ्याचेही हात बांधले गेले आणि मला बरं वाटलं. त्यानंतर बंदूक खांद्यावरून उतरली ती माळ्यावरच गेली.

पण ते भेकर त्याच्याही नंतरचं. मी शाळेत आहे, तुम्ही सुट्टीवर आला आहात, मामाचा टेम्पो घेऊन आपण बाजारातून परततो आहोत. घाटाच्या वळणावर करवंदीच्या जाळीतून भेकर उडी मारतं आणि टेम्पोचा धक्का त्याच्या कमरेला बसतो. तुम्ही ब्रेक मारता, माझं डोकं काचेवर आपटतं. भेकर पुढच्या दोन पायांवर उठायला बघतं आणि मागचं अंग तसंच ओढत राहतं. तुम्ही सीटखालून सुरा काढता, माझ्या शाळेची पाण्याची बाटली मागता. मी बाटली देते आणि तोंड फिरवते. तेव्हा तुम्ही ओरडलात. माझ्यावर क्वचितच ओरडायचात, म्हणून ते अजून कानात आहे. "तोंड फिरवू नको, बाय. धक्का आपला, मग शेवट पण आपलाच. टाकून पळणारे लई हायेत." तुम्ही त्याच्या तोंडात पाणी घातलंत, त्याला किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला वळवलंत, बिस्मिल्लाह म्हणून सुरा फिरवलात. घरी अम्मीने चूल पेटवली, खोबरं भाजलं, शेजारीपाजारी वाटे गेले. मी जेवले नाही. तुम्ही आग्रह केला नाहीत, नुसतं माझ्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलंत. मला तुमचा भयंकर राग आला होता, आणि तुमच्या हातांची भीतीही वाटली होती. त्याच हातांनी तुम्ही रात्रीची माझी वेणी घातलीत, तेव्हा ती भीती कुठे गेली ते कळलंच नाही.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात आमच्या गस्तीवाल्यांनी धरून आणलेला एक ड्रायव्हर. रत्नागिरीकडचा, तुमच्यासारखाच जेद्दाहून निघालेला, रियाधमधल्या अल सुलैच्या गोदामात कोंबड्यांचा फ्रीजर-ट्रक न्यायचा होता त्याला. सकाळी गस्तीची गाडी पोचली तेव्हा हा रस्त्याच्या कडेला, हात रक्ताने भरलेले, पुढ्यात गळा कापलेली हरणी. ट्रकवर ओरखडा नाही, कारण बंपर लोखंडी. गस्तीवाल्यांना त्याला शिकारी ठरवायला आणखी काय हवं? शिकार शाबीत झाली तर तुरुंग, दंड, इकामा म्हणजे इथे राहायचा परवानाच रद्द, आणि पुन्हा या देशात पाय नाही. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत हे त्याने मला आपण होऊन सांगितलं नाही, विचारल्यावर सांगितलं. मी त्याच्याशी मराठीत बोलले तसा तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. "मॅडम, मी काय शिकारी हाय काय? मधीच आली ओ ती. मागचे पाय नुसते घसटत होती. कशी टाकून जाऊ? जीव होता तिच्यात." आमचा गस्तीप्रमुख सौदी आहे, करडा पण मनाने वाईट नाही. त्याने त्याला हिंदीत सरळ विचारलं, मांस नेणार होतास का? आणि हा शहाणा माझ्याकडे बघून म्हणतो, "नेला असता की! हलाल केलेला कोण फेकून देतो काय?" अब्बा, मी कपाळावर हात मारला. तुम्हीही हेच उत्तर दिलं असतं, अगदी याच तोऱ्यात.

मग सगळं माझ्यावर आलं. हरणी आधी धडकली की आधी कापली, हे डॉक्टरने सांगायचं. खरं सांगते, टेबलावर तिला घेतलं तेव्हा मनात एकच होतं. तो खोटा निघाला तर? माझ्या गावाकडच्या बोलीत बोलला म्हणून मी भुलले असले तर? गस्तीप्रमुख माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याने तिच्या ओल्या तोंडाकडे बोट दाखवलं. "बघा दुक्तूरा, पाणी पाजलंय. सगळी रीत केली आहे. ही खाण्याची तयारी." मी म्हटलं, रीत केली आहे खरी, आता ती कशासाठी ते बघू. कातडी सोलली तर कमरेपासून मांडीपर्यंत मांस काळंनिळं, रक्त साकळलेलं. मेलेल्या जनावराला धक्का बसला तर रक्त असं पसरत नाही. कणा कमरेत तुटलेला, पोटात रक्त. गळ्यावरची चीर एकच आणि नंतरची. तिची वाचायची आशाच नव्हती. भरलेला फ्रीजर-ट्रक हरणीचा पाठलाग करत नाही हे तर शेंबडं पोरही सांगेल, पण रस्त्यावरच्या ब्रेकच्या काळ्या खुणाही मी गस्तीप्रमुखाला जाऊन बघायला लावल्या. तो बघून आला आणि म्हणाला की त्याचे आजोबा बहिरी ससाणे पाळायचे, शिकारीवर पहिला हात ठेवायच्या आधी अल्लाहचं नाव घ्यायचे. मी अहवालात जे दिसलं तेवढंच लिहिलं. तरी लिहून झाल्यावर प्रसाधनगृहात जाऊन रडले. घरी जेवताना लेकीला सांगितलं तर ती "सो सॅड, अम्मी" म्हणाली आणि थोड्या वेळाने विचारलं, "बट व्हाय गिव्ह इट वॉटर?" तिला तुमच्याबद्दल सांगता सांगता जेवण थंड झालं.

शिकारीचा गुन्हा लागला नाही. हरीण धडकल्यावर कळवलं नाही, हात लावला, म्हणून लेखी ताकीद देऊन त्याला सोडलं. मांस अर्थातच जाळलं, नियम आहे. गस्तीप्रमुख त्याला "खलास, यल्ला", झालं, नीघ आता, असं म्हणाला आणि पाण्याचा एक खोका त्याच्या केबिनमध्ये टाकला. जाता जाता तो ड्रायव्हर माझ्याजवळ आला. "मॅडम, परत असा झाला तर काय करू?" मी नियम सांगितला. गाडी बाजूला घे, फोन कर, आम्ही येऊ, जनावराला हात लावू नकोस. "तुम्ही येपरत ती तडफडत ऱ्हायल ना?" मी म्हटलं, हो, राहील. पण तू हात लावायचा नाहीस, घरी बहिणी आहेत तुला. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं, आणि मला ते दिसत होतं. त्या तिसऱ्या माणसाच्या परवान्यांपेक्षा आधी त्या पट्ट्यात ट्रकचा वेग कमी करा आणि कडेचं गवत कापा, असं मी दुसऱ्या दिवशी बैठकीत पहिल्यांदाच तोंड उघडून सांगितलं. होईल, न होईल.

अब्बा, मला पदवी मिळाली तेव्हा सगळ्यांनी पेनं दिली आणि तुम्ही तो सुरा दिलात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "सगळ्यांना सुई पुरतेच असा नाय, बाय." मी हसले होते. जनावराला शांत निजवायचं औषध माझ्याकडे असतं, पण ते दवाखान्यात, कुलपात, दोन सह्यांशिवाय निघत नाही, आणि माझं घरून कामावर यायचं-जायचं याच रस्त्याने आहे. तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. त्या पोराला नियम सांगितला तेव्हा मी जिला टेकून उभी होते, त्या माझ्याच गाडीच्या सीटखाली तुमचा सुरा होता. अजून वापरायची वेळ आली नाही. पण त्याला धार आहे, आणि शेजारी पाण्याची भरलेली बाटली.