भडका की गोळा?

४ मार्च
"भडका होता की गोळा?" डॉक्टरांनी विचारलं. मला काय माहीत! मी काय तिथे उभी होते? म्हणाले, नुसता भडका असेल तर कातडी जळते. आगीचा गोळा अंगावरून गेला असेल तर श्वासाबरोबर आतही भाजतं. तेव्हापासून माझ्याच पोटात गोळा आलाय. ताईच्या तोंडात नळी, बाकी सगळं पांढरं पांढरं गुंडाळलेलं. ओळखू येत नाही.

५ मार्च
आईला "थोडं भाजलंय" एवढंच सांगितलं. ती चक्क हसली! "तिला काय भाजणार? पोरगी कुठली, आगीचा गोळाच तो." लहानपणापासून हेच म्हणते. आणि ताई फुगून कोपऱ्यात बसायची, कितीही हाका मारा, उठायची नाही. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

६ मार्च
तसंच.

७ मार्च
रंगाच्या कारखान्यातला मिक्सरवाला आला. ताई तिथे सुपरवायझर, हा तिच्या हाताखालचा. खुर्चीच्या कडेला नुसता टेकला. म्हणाला, टाकीवर गोळा उठला — आवाज नाही काही नाही, एकदम उजेड. "आम्ही ओरडलो, आगीचा गोळा! आगीचा गोळा! आणि पळालो. बाईंच्या केबिनला मागे दार आहे. आग तिथे पोचायला वेळ होता हो. त्या आल्याच नाहीत."

"ऐकू गेलं नसेल."

"गेलं. काचा रंगानं माखल्यात, पण सावली दिसली. मान वर केली... परत खाली घातली."

का? तो रुमाल पिळत बसला आणि उठून गेला.

८ मार्च
मान खाली घातली! म्हणजे काय, जीव नकोसा झाला होता? लग्न मोडलं तेव्हाही ही बया रडली नव्हती. शेजारीण आडून आडून विचारते, "घरात काही झालं होतं का गं?" तिचं तोंड फोडावंसं वाटलं! पण तोच किडा माझ्याही डोक्यात वळवळतोय. मला कधी काही बोलली नाही.

१० मार्च
नर्सनं कुशीवर वळवताना तिचा हात उचलला, सोडला — पडला. नुसती लोळागोळा. चौघांना न आवरणारी माझी ताई! डॉक्टर म्हणाले, आतून भाजलंय. म्हणजे गोळाच. "उद्या नळी काढतो. काही बोलली तर बोलून घ्या." माझ्याकडे न बघता म्हणाले. आशा सोडा, हे असं सांगतात वाटतं.

११ मार्च
बोलली. मी कान तिच्या तोंडाशी नेला. "ताई, हाका ऐकल्या नाहीस का गं? बाहेर का नाही आलीस?"

"मला... रोज तेच म्हणतात. आगीचा गोळा आला, आगीचा गोळा आला. म्हटलं, ओरडा मेल्यांनो! आज उठतच नाही, जा."