चार बोटं आखूड

ती. वन्सं यांना,

मशीन बंद करून, तोंडातल्या टाचण्या डबीत ठेवून आणि दोन्ही हात मोकळे करून नमस्कार. कान कसा आहे? पट्टी निघाली का? त्या कुशीवर झोपता येतं का? तुमचे बंधू सांगतात की तुम्ही हल्ली एकाच कानाने फोन ऐकता आणि नको असलेलं काही ऐकूच येत नाही म्हणता. (ही सोय कायमची असेल तर त्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता मलाही द्या.) आम्ही बरे आहोत. दुकानात पडद्यांची कामं आली आहेत आणि तुमचे बंधू नेहमीप्रमाणे कात्री शोधताहेत, जी त्यांच्याच खिशात आहे. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मध्येच “जाऊ दे गं” म्हणाल आणि मी लगेच जाऊ देईन. मला या वेळी जाऊ द्यायचं नाही.

सुरुवातीपासून सांगते. गेल्या वर्षी तुमच्या नादाने मी समुद्रात बुडी मारायला शिकले (पन्नाशी उलटल्यावर, हे तुमचे बंधू येणाऱ्या-जाणाऱ्याला न विसरता सांगतात), तेव्हा बोटीवर मिळणारं ते भाड्याचं फुगवायचं जाकीट तुम्ही माझ्या अंगावर पाहिलंच आहे. हवा भरली की जाकीट वर आणि मी खाली. कॉलर कानाशी, काखेत आणखी एक माणूस राहील एवढी जागा. तीस वर्षं लोकांच्या अंगाला कापड बसवणाऱ्या बाईने असं काही घालून माशांसमोर जायचं म्हणजे लाज वाटते हो. तेव्हा तुम्हीच म्हणालात, स्वतःचं घे, आणि पाटी-विंग घे. पाठीला धातूची एक पाटी, तिच्यामागे हवा भरायची पिशवी, म्हणजे विंग, तिच्यामागे श्वासाच्या हवेची टाकी, आणि हे सगळं अंगाला बांधायला एकच अखंड पट्टा, खांद्यांवरून येऊन कमरेला बकलात अडकणारा. ना खिसे, ना अस्तर, ना गादी. मापाला बसलं की पुन्हा बघायला नको, म्हणालात. वन्सं, माप हा शब्द तुम्ही माझ्यासमोर काढायला नको होता.

मग मी चार महिने निवडत बसले. एका पाटीच्या निवडीला चार महिने! तुमच्या भावाला मी पाव तासात पसंत केलं होतं. (घाईच झाली, हे आता दोघांनाही मान्य आहे.) पाटी पोलादी घ्यावी की अॅल्युमिनियमची? पोलादी जड, म्हणून खाली बुडायला कमरेला शिसं कमी बांधावं लागतं. अॅल्युमिनियमची हलकी, म्हणून घरापर्यंत आणता येते. विंग मोठी घ्यावी की लहान? मोठी घेतली तर अर्धी रिकामी पाण्यात फडफडते, लहान घेतली तर सगळं वजन वर आणत नाही. दुकानदार बारकासा, शांत माणूस होता. विंग ठरवायला त्याने माझं वजन विचारलं, आणि मी लग्नातलं सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि दोन मापं मोठी विंग काढून दिली. सभ्य माणूस. पाटी मी पोलादी घेतली आणि पहिला आठवडाभर ती दुकानात पडद्यांच्या चुण्या दाबायला वापरली. इतकी सुरेख चुणी इस्त्रीनेही बसत नाही. पायांमधून मागून पुढे येणारा आणखी एक पट्टा असतो, त्याविषयी मी इथे काही लिहीत नाही. पत्र पाकिटात घालायला तुमच्या भावाच्या हातात जाणार आहे.

आता चुकीकडे येते. तुम्ही फोनवर मला दोनदा बजावलं होतं: माप पाण्यात घालायच्या जाड सुटावर घे, आणि टोक कापू नकोस, हातभर लोंबू दे, दोन-चार बुड्या झाल्यावर बघू. मी हो हो म्हटलं आणि कानामागे टाकलं. सूट बोटीवर भाड्याने मिळणार होता, घरात नव्हताच. आणि ते लोंबतं टोक! तुम्हाला नाही कळायचं. गिऱ्हाइकाच्या बाहीतून एक दोरा लोंबत असला तर मी रस्त्यात थांबवून तो तोडते, आणि माझ्याच कमरेला हातभर पट्टा लोंबणार? मी आरशासमोर उभी राहिले, घरातल्या सुती झग्यावर पट्टा ओढून घेतला, खडूची खूण केली आणि कापला. टोक मेणबत्तीवर वितळवलं, दुमडलं आणि जाड मशीनवर दुहेरी शिवण घातली. इतकं देखणं झालं की शेजारच्या चांभारालाही बोलावून दाखवलं. जाता-येता साध्या झंपरालाही मी शिवणीत जास्तीच्या कापडाची माया सोडते, वन्सं. स्वतःच्या बाबतीत सुतभर सोडली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणजे माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यंदा एकदाच, त्यानंतर कानाची शस्त्रक्रिया आणि पाण्याखाली जाणं कायमचं बंद. तुम्हाला त्या खडकाच्या भेगेतल्या हेडमास्तरांचा निरोप घ्यायचा होता. अकरा वर्षं तुम्ही त्या म्हाताऱ्या माशाला भेटताय. गळाने फाटलेला खालचा ओठ, तोंड पाडून दारातच बसलेला, कुणी आलं की नापसंतीने बघणारा. मला तो दाखवायचा होता, म्हणून तुम्ही त्या दिवसासाठी माझ्याशी जोडी लावलीत. आणि मी काय केलं? जाताना सगळ्या बोटीला माझी शिवण दाखवत बसले. एका बाईंनी तर हात लावून पाहिली. मग सूट चढवला, बुडी शिकवणाऱ्या आपल्या मास्तरांनी टाकी उचलून धरली, मी हात घातले, आणि खांद्यांवरच त्या जाड सुटाने पट्टा खाऊन टाकला. कमरेला बकलापर्यंत पोचेना. चार बोटं आखूड. पोट आत घेतलं, श्वास सोडला, पुन्हा ओढला. चार बोटं.

तीन पावलांवर भाड्याच्या जाकिटांचा ढीग पडला होता. “पट्टा आखूड झाला, एक जाकीट द्या,” एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या शिवणीवाल्या बाई माझ्याकडेच बघत होत्या. वन्सं, मला चक्कर आली नव्हती. मी नुसती खाली बसले आणि डोळे मिटले. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईसमोर मी चक्कर आल्याचं नाटक केलं. तुम्ही माझी नाडी धरलीत, स्वतःचा टॉवेल माझ्या कमरेभोवती गुंडाळलात, मला थंडी वाजू नये म्हणून, आणि मास्तरांना म्हणालात, हिला एकटीला सोडत नाही, तुम्ही जा. मग स्वतःची टाकी काढून ठेवलीत. बाकीचे सगळे उतरले. आपण दोघी तासभर बोटीवर, तुम्ही माझी पाठ चोळताय, आणि खाली ते हेडमास्तर. मी मधूनमधून कण्हत होते. ते कण्हणं आठवलं की हल्ली मी मशीनवर असले तरी थांबते. एकदाही तुम्ही पाण्याकडे बघून उसासा टाकला नाहीत. टाकला असतात तर कदाचित मी खरं बोलले असते. नाही, तेव्हाही नसते बोलले. माझ्या एका खोट्यासाठी तुमची शेवटची बुडी गेली. मला माफ करा असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते आहे. मला माफ करा.

कानाला जपा. थंड पाण्याने केस धुऊ नका. तुमचा टॉवेल धुऊन, घडी घालून ठेवला आहे. भेटाल तेव्हा परत करीन.

तुमची,
वहिनी (शिंपीण म्हणवून घ्यायला सध्या जड जातं)

ता. क. पत्र माफीसाठीच आहे, पण एक कामही आहे. मी अखंड नवा पट्टा आणला आहे आणि कात्री लावलेली नाही. बोटवाल्यांचा जाड सूटही दोन दिवसांसाठी मागून आणते आहे. कान बरा झाला की या आणि माझं माप तुम्हीच घ्या. कापायचं की लोंबू द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी तोंड उघडणार नाही. मग महिनाअखेरीला बोटीवर माझ्याबरोबर चला. तुम्ही वर बसा, मी मास्तरांबरोबर खाली जाते. भेग कुठली ते मला नीट कागदावर काढून द्या. हेडमास्तर असले तर तुमचा निरोप सांगते, आणि ते कसे बघतात ते वर येऊन तुम्हाला जसंच्या तसं करून दाखवते. (नाटक मला येतं, हे आता सिद्ध झालंच आहे.)

ता. क. २. तुमच्या भावाने पाकिटात घालण्याआधी पत्र वाचलं आणि हसत सुटले. म्हणाले, ताईला तेव्हाच दिसलं होतं. तिने त्याच संध्याकाळी मला फोन करून सांगितलं, तुझ्या बायकोचा पट्टा आखूड पडला आहे, तिला काही विचारू नकोस, चारचौघांत तिची शोभा झाली असती. चार पानं लिहून झाली आहेत, म्हणून पाठवते. पण वन्सं, म्हणजे तो टॉवेल थंडीसाठी नव्हता. परत करीन असं वर लिहिलं आहे ते खोडलं समजा. तो माझ्याकडेच राहू दे.