सतरा वर्षांच्या अटीत मला बसवून घेणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
स्पर्धा वारसा कक्ष (मैदाने),
वसई.

विषय : बावखलआळी येथील वारसा मैदानावरील ‘फक्त मुली, वय सतरा वर्षांखालील’ ही अट माझ्यापुरती शिथिल करून माझी खेळाडू म्हणून नोंद घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाने मैदानाच्या फाटकावर लावलेली सूचना.
२) मैदानाचे रखवालदार श्री. पांडुरंग भोईर यांच्याशी जाळीतून वेळोवेळी झालेले बोलणे.

महोदय,

(आपण महोदया असाल तर क्षमा असावी. सूचनेखाली नुसती सही आहे. ती बाईची की बाप्याची हे मला लागले नाही, आणि आळीत आता विचारायला माणसेही फार राहिलेली नाहीत.)

१. मी, कु. फ्लॉसी ज्युलियस तुस्कानो, वय ५२, राहणार बावखलआळी, सविनय अर्ज करते की, माझे घर सदर मैदानाच्या उत्तरेच्या जाळीला टेकून आहे. म्हणजे घर आधीचे. जाळी नंतर येऊन टेकली. व्यवसाय शिवणकाम. पहिल्या कम्युनियनच्या विधीला लहान मुली घालतात ते पांढरे झगे मी शिवते. पूर्वी हंगामात झग्यांनी खाट भरून जायची आणि मी खाली चटईवर झोपायची. आता खाट मोकळी असते. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण लोक ज्या कागदात कापड गुंडाळून आणत त्या कागदांवर झाले, त्यामुळे पुष्कळ गोष्टींची सुरुवात मला माहीत आहे, शेवट थोड्यांचाच. अर्जाच्या भाषेत काही कमीजास्त झाल्यास ते त्या कागदांच्या माथी मारावे.

२. सदर मैदान ही पूर्वी आळीची सामाईक मोकळी जागा होती. पावसाळ्यात गुरे, पावसाळा सरला की फुटबॉल. आपल्याकडे मुलींची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा व्हायची ठरली तेव्हा साहेब लोक आले. मुंबईकडची सरावाची मैदाने पावसाने भरली तर एखादा परदेशी संघ इथे सरावाला आणू, असे म्हणाले. बैठक भरली. जागा देण्याचा कागद पुढे आला, त्याला अटी होत्या. आळीचे तेव्हाचे पुढारी श्री. स्टॅनी म्हणाले, “अरे, जग येतंय आपल्या दारात आणि तुम्ही कागद कसले वाचत बसलात?” मग कोणी वाचला नाही. जग दारात येणार म्हटल्यावर आम्ही सगळे आपापली अंगणे झाडायला गेलो.

३. जग आले नाही. पाऊस त्या वर्षी शहाण्यासारखा वागला आणि मुंबईकडची मैदाने कोरडी राहिली. तरी एका दुपारी कोणीतरी निरोप आणला की संघाची गाडी निघाली आहे. सगळी आळी फाटकाशी उभी राहिली. ब्रास बँड होता, सुकवलेल्या केळ्यांची, म्हणजे आमच्या सुकेळ्यांची, ताटे होती, मी शिवलेल्या पताका होत्या. धूळ उडाली, मोठी गाडी वळली, बँडने सुरुवात केली आणि स्टॅनींनी हार घातला तो पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरला. बिचारा गवताला पाणी मारायला आला होता. तो हार काढायला तयार होईना. म्हणाला, “माझ्या लग्नात पण एवढा बाजा नव्हता.” आम्ही त्याला सुकेळी बांधून दिली. एवढ्या मोठ्या स्पर्धेतून आमच्या वाट्याला आलेला तोच एक पाहुणा, आणि माणूस चांगला होता.

४. तरीही स्पर्धेने आम्हाला काहीच दिले नाही असे लिहिणे खोटे ठरेल. हिरवे गवत राहिले, आपोआप लागणारे दिवे राहिले, जाळी राहिली, ‘आपल्या लेकींसाठी कायमचा वारसा’ असा फलक राहिला. पहिली एक-दोन वर्षे लेकीही होत्या. स्टॅनींची शॅनन, तिच्या मैत्रिणी जीना, रचना आणि नेत्रा, शिवाय शेजारच्या आळीच्या. त्यांचा चेंडू रोज माझ्या परसात पडायचा.
“फ्लॉसी आंटी, बॉल!” शॅनन ओरडायची.
“आंटीला काम आहे.”
“मग बॉल राहू दे, आंटीलाच फेक इकडे!”
मी चेंडू फेकायची आणि दोन शब्द ऐकवायची. त्या सगळ्या हसायच्या. घरात एकट्या बाईला दिवसातून एकदा तरी मोठ्याने बोलायला मिळावे लागते, नाहीतर आवाज गंजतो. हा लाभ आपल्या कक्षाच्या अहवालात कुठे धरलेला नसेल, म्हणून नोंदवून ठेवते.
पुढे त्या सतरा वर्षांच्या झाल्या. हे वय कोणतीही मुलगी फार दिवस टिकवत नाही, याची कल्पना नियम करणाऱ्यास असायला हवी होती. शॅनन कॅनडाला गेली. जीनाच्या घरचे नायगावच्या टॉवरमध्ये राहायला गेले, रचना नर्सिंगच्या होस्टेलला, नेत्रा विरारला फुलपाड्यात. त्यांच्या मागून घरेही एकेक करून बंद झाली. आता आळीत राहिलेल्यांत सर्वांत तरुण मी आहे.

५. आता मुद्द्याचे. आमच्या आळीत नाताळच्या दुसऱ्या दिवशी एक सामना होत आलेला आहे : लग्न झालेले विरुद्ध लग्न न झालेले. त्यात वय बघत नाहीत, बाई की बाप्या हेही बघत नाहीत. कोणाचे लग्न झाले की त्याची बाजू बदलते, आणि वरातीपेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते. चांगला फॉरवर्ड हातचा जाणार म्हणून आमच्या बाजूची माणसे मुलीकडच्यांना भेटून, लग्न फेब्रुवारीत घेता येईल का, असे विचारून आलेली आहेत.
मी बिनलग्नाच्या बाजूला गोलमध्ये उभी राहते. तरुणपणी एकदा माणूस कमी पडला म्हणून मला उभी केली. नंतर कोणी काढली नाही. माझ्या पुढे खेळलेली पोरे एकेक करून पलीकडे गेली आणि पुढच्या वर्षी माझ्याच गोलवर चेंडू मारायला आली. माझ्याच वयाचा ॲल्रॉय आमच्या बाजूने शेवटचा सामना खेळला तेव्हा म्हणाला होता, “फ्लॉसी, तू पण ये ना पलीकडे. बघूया कोणीतरी.” मी म्हटले, “मग गोलमध्ये कोण राहील?” तो हसला. ते उत्तर मी गमतीने दिले, असे तेव्हा सगळ्यांनी धरले. मीही तेच धरले.

६. जाळी लागल्यापासून हा सामना मैदानावर होऊ शकला नाही, कारण खेळणारे सतराच्या वरचे. दोन वर्षे तो आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात झाला. तिथे पाळकघराच्या दोन काचा फुटल्या आणि फादर फार प्रेमाने म्हणाले की, बाळांनो, आता पुरे. गेल्या वर्षी सामना झाला नाही. लोक कुठून कुठून मिस्सेच्या प्रार्थनेला आले, जेवले, आणि दुपारीच आपापल्या फ्लॅटवर परत गेले. थांबायला कारणच नव्हते. संध्याकाळी मैदानावरचे दिवे नेहमीप्रमाणे लागले. त्या एवढ्या उजेडात गवताचे पाते न् पाते दिसत होते, आणि ते बघायला जाळीच्या आत पांडुरंग आणि बाहेर मी.

७. अशात आपली सूचना लागली. चालू वर्षात एकाही नोंदणीकृत खेळाडूने मैदान वापरलेले नाही, सबब ३१ डिसेंबरपर्यंत नोंद न झाल्यास मैदान जप्त केलेली वाहने ठेवण्यासाठी देण्यात येईल, असे त्यात आहे. त्याच सूचनेत सहावा नियमही आहे : नोंदणी झालेल्या खेळाडूस सामन्यासाठी कोणताही प्रतिस्पर्धी संघ बोलावता येईल आणि आपला संघ जमवता येईल, त्यांना वयाची अट नाही. याचा अर्थ, नाव एक लागले तरी मैदान राहते, आणि सामनाही होतो. हा नियमही आजवर आळीत कोणी वाचला नव्हता; पांडुरंग यांनीच तो मला बोट ठेवून दाखवला.
“बाय, एकच नाव पायजे. एक तरी पोरगी आना.”
“कुठून आणू? पोरगी काय बाजारात मिळते?”
“तुमी खेलता ना?”
“मी बावन्नची आहे, पांडुरंग.”
“मग तसं सायबाला लिवा. सायब पन बावन्नचे असतील.”
हे त्यांनी आदरानेच म्हटले आहे. त्यांच्यावर कारवाई होऊ नये.

८. तरी वयाच्या अटीबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे. मोठ्यांनी लहानांवर अन्याय करू नये म्हणून ही अट असते, असे मी समजते. माझ्या बाबतीत तसा धोका नाही. माझा उजवा गुडघा पावसाळ्यात वाकत नाही आणि उन्हाळ्यात सरळ होत नाही. कोणतीही सतरा वर्षांची मुलगी मला हरवू शकेल. अशी मुलगी आपण शोधून पाठवल्यास मी आनंदाने हरेन, आणि माझा अर्जही मागे घेईन.
दुसरे असे की, रेशनकार्डापासून देवळाच्या वहीपर्यंत सरकार आणि देव दोघेही मला अजून ‘कुमारी’ लिहितात. त्यांचा आग्रह जर इतक्या वर्षांत सुटला नसेल, तर आपल्या कक्षाने एका ओळीपुरता तो धरायला हरकत नसावी.
तिसरे कारण कारण म्हणता येईल की नाही, माहीत नाही. गाड्या येऊन उभ्या राहिल्या की या लोकांना आळीत परत यायला काही उरणार नाही. देवळे तिकडेही आहेत, नातेवाईक तिकडेच गेले आहेत. घरे विकायला ते एकदा येतील तेवढेच. मला कोणी वाईट वागवत नाही. सणाला फोन करतात, “आंटी, बरी आहेस ना?” म्हणतात, मी “बरी” म्हणते, आणि दोन्हीकडे पुढचे वाक्य सापडत नाही. सामन्यात तसे होत नाही. तिथे ॲल्रॉयला मी “पोट आत घे, मग शूट मार” म्हणू शकते आणि तो मला “म्हातारे, डोळे उघड” म्हणू शकतो. वर्षातून एक दुपार पुरते मला. बाकीच्या दिवसांची व्यवस्था मी केलेली आहे.

९. पूर्ण खेळाडू म्हणून नोंद शक्य नसल्यास गोलकीपर म्हणून करावी. गोलकीपर फारसा पळत नाही, त्यामुळे गवताची झीज होणार नाही. तेही शक्य नसल्यास राखीव गोलकीपर म्हणून करावी. तेही नियमात बसत नसल्यास, परसात पडलेला चेंडू परत करणारी व्यक्ती असे नवे पद निर्माण करावे. मला त्या कामाचा अनुभव आहे. अगदीच काही होत नसेल तर माझ्या नावापुढे वय लिहायची जागा कोरी सोडावी. सरकारी कागदात मी इतक्या जागा कोऱ्या पाहिल्या आहेत, त्यात ही एक खपून जाईल.

१०. मी एकटी कोणाशी खेळणार, असा प्रश्न आपणास पडेल. मलाही पडला होता. समजा, नाताळला या वर्षी कोणीच थांबले नाही. तरी श्री. पांडुरंग यांची पत्नी फुलपाड्यात असते. म्हणजे ते लग्न झालेल्यांच्या बाजूला येतात. मी आहेच दुसरीकडे. त्यांना मी विचारले. ते म्हणाले, “ऑर्डर आली तर मी खेलतो. पन रडायचं नाय हां, मी जोरात मारतो.” सबब दोन्ही बाजू भरलेल्या असून सामना होऊ शकतो.

११. तरी विनंती की, सदर अर्जावर टपालाने निर्णय न कळवता प्रत्यक्ष पाहणीसाठी माणूस पाठवावा. निर्णय नकाराचा असला तरी माणूसच पाठवावा. शक्य झाल्यास आपण स्वतः २६ तारखेला दुपारी यावे. बूट लागत नाहीत, आम्ही अनवाणीच खेळतो. मात्र येण्यापूर्वी आपले लग्न झालेले आहे किंवा कसे, एवढे कृपया कळवावे, म्हणजे आपली बाजू आधी ठरवून ठेवता येईल. झालेले नसल्यास, आमच्या बाजूला भरपूर जागा आहे.

२६ तारखेचे दिवे लागायच्या आत उत्तर येईल या आशेवर असलेली,
आपली नम्र,

(सही)
कु. फ्लॉसी ज्युलियस तुस्कानो
बावखलआळी, वसई
दि. १ डिसेंबर २०२५

सोबत : १) जन्माचा दाखला (माझ्या विरुद्ध जातो, तरी जोडला आहे).
२) माझे लग्न झालेले नाही, असे फादरांचे पत्र. ते लिहिताना फादरांनी “खात्री ना, फ्लॉसी?” असे विचारले होते.
३) श्री. पांडुरंग भोईर यांची संमती, तोंडी. लेखी द्यायला ते घाबरतात; जाळीपाशी येऊन विचारावे.