रंगलेलं बोट

सगुणाताई,

गेल्या मंगळवारी जोह्यातून तुमच्या यजमानांना पेणला आणलं, त्या ॲम्ब्युलन्समधली डॉक्टर मी. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली, हेही बहुतेक फाडेन.

गणपती रंगवता रंगवता ते कोसळले होते. नखांवरच्या रंगामुळे ऑक्सिजनचा आकडा येईना, म्हणून मी स्पिरिटने त्यांचं बोट खसाखसा घासत होते. त्यांनी दोनदा विचारलं, "सगुणा हाय ना?" मी खेकसले, "बोलू नका!" तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी होतात. मीच बसवलं होतं तुम्हाला. नुसतं 'आहे' म्हणायचं होतं.

बोट स्वच्छ झालं, तोवर ते गेले.

उतरल्यावर तुम्ही विचारलंत, "काय बोलले का वो?" मी म्हटलं, "शुद्धीत नव्हते."

होते, ताई. शेवटपर्यंत होते.

— मृणाली