छाप आपणच उठवायची

२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझं पत्र पोचलं. मी खुशाल आहे, म्हणजे तब्येतीने. मनाने म्हणशील तर धुमसते आहे.

मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले. बावीस वर्षांनी आपण दोघी बहिणी एकाच देशात आहोत. मध्ये फक्त पाच तासांची रेल्वे आहे, आणि मी इथे पाचव्या मजल्यावर बसून कुंड्यांना पाणी घालते आहे. चिरंजीव म्हणतात, सुट्टी मिळाली की गाडीने नेतो. ती सुट्टी तिसऱ्यांदा पुढे गेली. तीस तारखेला माझं परतीचं विमान आहे. ते माझ्यासाठी पुढे जाणार नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. सूनबाई घरूनच काम करते, दोन हातांवर बसलेली असते. पोर गुणाची आहे, पण ऐकलेलं पोटात ठेवत नाही. म्हणून पत्र. नाही तरी आपल्याला सवय पत्रांचीच.

स्टेशन आमच्या खिडकीतून दिसतं. काल भाजीचं निमित्त करून खाली उतरले आणि तिकिटाच्या यंत्रासमोर उभी राहिले. खिडकीत माणूस नाहीच, फक्त यंत्र. त्याने मला सात प्रश्न विचारले. कुठे जायचं, कधी, कोणत्या वर्गाने, परत येणार का, साठीच्या पुढच्या आहात का, हीच गाडी की कुठलीही, जागा राखून हवी का. सहाव्या प्रश्नाला अडले. मागे रांग लागली, मला घाम फुटला आणि भाजी न घेताच घरी आले. ताई, मी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. चालत्या गाडीत साठ साठ माणसांची तिकिटं फाडली. मी दोरी ओढून दोनदा घंटी वाजवली की ड्रायव्हर मागे वळून न बघता बस हलवायचा. आणि इथे एका खोक्याने मला गप्प केलं! हे मी चालू देणार नाही.

तू त्या मार्गावर वर्षानुवर्षं ये-जा केलीस. सगळं नीट समजावून लिही, फक्त भीती घालू नकोस. आणि हल्ली तुझ्या पत्रातल्या ओळी चढणीला का लागल्यात? धावत्या बसमध्ये बसून लिहितेस की काय?

लोभ आहे तेवढाच असू दे, वाढवलास तर मी लाडावेन.

तुझी,
ठमी

५ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग काळजीत पडले. मुलाच्या मनाविरुद्ध काही करू नकोस. हे मोठी बहीण म्हणून लिहिलं. आता तू ऐकणार नाहीसच, तर पुढचं वाच.

सहाव्या प्रश्नाचं आधी. एक तिकीट स्वस्त असतं, पण ठरावीक दिवसाचं, ठरावीक गाडीचं. गाडी चुकली की ते रद्दीत. दुसरं महाग. महिनाभरात कुठल्याही दिवशी, कुठल्याही गाडीला चालतं. आणखी एक दिवसभराचं मिळतं, सकाळी नऊनंतर, पण रखडत जाणाऱ्या गाड्यांपुरतंच. ते एका तिकिटावर दोघांना चालतं, पण तुझ्याबरोबर कोण आहे? तू दुसरं घे, साठीपुढची सवलत लावून. जागा राखायचे पैसे वेगळे पडतात, ते देऊ नकोस. बाकाच्या वरची पाटी कोरी असली की खुशाल बसायचं.

मधल्या जंक्शनला गाडीचे दोन तुकडे होतात. पुढचे डबे भलतीकडे जातात, मागचे माझ्याकडे येतात. तेव्हा पहिल्यापासून मागेच बस. आणि चढण्याआधी फलाटावरच्या खांबाला पिवळी डबी असते, तिच्यात तिकीट खुपसायचं. कट्ट असा आवाज होतो, तारीख आणि वेळ उमटते. छाप आपणच उठवायची, इथे कोणी उठवून देत नाही. हे विसरू नकोस.

मीच आले असते गं, पण गुडघे. ओळींचं म्हणशील तर माझ्या टेबलाचा एक पाय आखूड झाला आहे. पडद्यांच्या दुकानात असताना मी मैलभर शिवण सरळ घालायची, आता टेबलच वाकडं त्याला काय करणार?

सगळ्यांना आशीर्वाद, तुला चिमूटभर जास्त.

तुझी,
ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

पकडले गेले. तुझी धाकटी बहीण विनातिकीट प्रवाशासारखी गाडीतून उतरवली गेली. हस आता पोटभर.

तिकीट होतं, बरं का. खोक्याच्या सातही प्रश्नांना फटाफट उत्तरं दिली, मागच्या आजोबांनी मान डोलावली. मागच्या डब्यात, कोऱ्या पाटीखाली बसले. सगळं तू सांगितलंस तसंच. फक्त छाप उठवली नाही. विसरले नव्हते. डबीसमोर उभी राहिले, हात पुढे केला आणि तो आपोआप मागे आला. आमच्या नोकरीत पंच कंडक्टरच्या हातात आणि तिकीट प्रवाशाच्या. प्रवाशाने स्वतःच तिकिटाला भोक पाडलं की समजायचं, काहीतरी लबाडी आहे. अशा कितींना मी भर उन्हात खाली उतरवलं आहे! मला वाटलं, ताई इतक्या वर्षांत घोटाळा करत असेल. गाडीत कोणीतरी येईलच, तो करील त्याचं काम.

तो आला. उंच, मिशीवाला तपासनीस. मी मोठ्या ऐटीत कोरं तिकीट पुढे केलं, की बघ, हात लावलेला नाही. आणि त्याच्या लेखी तीच लबाडी! छाप नसलेलं तिकीट उद्या पुन्हा चालवता येतं ना. मी हातवारे केले, आवाज चढवला. दंडाइतके पैसे जवळ नव्हते, म्हणून पुढच्या स्टेशनात उतरवून त्याने मला बाकावर बसवलं आणि चिरंजीवांना फोन लावला. एक सांगू? त्याचं काही चुकलं नाही. मीही हेच केलं असतं. जाताना त्याने माझी पिशवी बाकावर नीट ठेवली, तेवढंही मी कोणासाठी कधी केलं नव्हतं.

चिरंजीव काम टाकून आले.  घरी आल्यावर हुकूम सुटला की यापुढे रेल्वे बंद, एकवीस तारखेला ते स्वतः नेतील. माझा पासपोर्टही आपल्या कपाटात ठेवला, हरवेल म्हणून. मी काय शाळेची छत्री आहे का?

आता तुझं. तुझं पत्र मी बाकावर बसून पुन्हा वाचलं. तिसरा परिच्छेद दुसऱ्याच्या अंगावर चढला आहे. टेबलाचा पाय आखूड झाला म्हणून असं होत नाही. ताई, तुला किती दिसतं? खरं लिही, नाहीतर हा लोभबिभ सगळा बंद.

तुझी,
ठमी

१३ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यापुढे कधी काही लपलं आहे? लहानपणी खाऊही लपला नाही.

उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. डाव्याने हातभर अंतरावरचं दिसतं, तेही खिडकीपाशी, दिवसा. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे हिवाळ्यापर्यंत. मग फक्त उजेड-अंधार कळेल. तुझी पत्रं मी भिंगाने एकेक शब्द वाचते. कोणाला वाचायला देत नाही. ती माझी आहेत.

गुडघे ठणठणीत आहेत. तीन वर्षांपूर्वी गाडीतून उतरताना पायरी दिसली नाही आणि फलाटावर पडले. लोकांनी उचललं, एका पोरीने माझा चेहरा पुसला. लागलं फारसं नाही, पण इतकी लाज वाटली की त्यानंतर स्टेशनाकडे फिरकले नाही. दुकानातलं सामान शेजारीण आणते. तुला गाड्या नि तिकिटं शिकवणारी तुझी ताई स्वतः कोपऱ्यावरच्या टपालपेटीपलीकडे जात नाही. आहे की नाही गंमत?

तुझे भावोजी गेले तेव्हासुद्धा मी कोणाला ये म्हटलं नाही. आज म्हणते. दिसतंय तोवर मला तुझं तोंड बघायचं आहे. फोटोत नको, मला ते भिंगाखाली नीट दिसत नाही. पण मुलाशी भांडून येऊ नकोस. तो आणील तेव्हा ये.

एवढंच मागणं. आशीर्वाद तर आहेतच.

तुझी,
ताई

१५ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा.न.वि.वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घे. आईला तू समजाव. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते असं तिचं म्हणणं आहे.

त्या दिवशी मी त्या स्टेशनात धावत गेलो तेव्हा आई बाकाच्या टोकाला बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, मान खाली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या आईसमोर गुंड प्रवासी गप्प व्हायचे. मला ते बघवलं नाही, मावशी. तिला पुन्हा कोणी तसं बसवू नये म्हणून मी पासपोर्ट ठेवून घेतला. तिला तो जुलूम वाटतो.

एकवीसला नक्की आणतो. शब्द देतो. तुझे आशीर्वाद असावेत.

तुझा भाचा

२२ सप्टेंबर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ही चिठ्ठी फ्रिजवर लावते आहे, म्हणजे पहिली तुलाच दिसेल. कुंड्यांना पाणी घातलं आहे. मी सव्वानऊच्या गाडीने ताईकडे जाते आहे.

काल एकवीस तारीख होती. तुझ्या ऑफिसात अडचण आली, तू सत्तावीसला जाऊ म्हणालास. तुझी अडचण खरी आहे, मला राग नाही. पण ताईच्या डोळ्यांना सत्तावीस कळत नाही. हे तुला आधी सांगितलं नाही, कारण तिने कोणालाच सांगितलेलं नाही. तिला हिवाळ्यानंतर दिसणार नाही. मी तीसला परत गेले की पुन्हा या वयात कधी येणार, ते तूच सांग.

तुझं मावशीला गेलेलं पत्र तिने मला वाचायला पाठवलं. रडले. मग चिडले. मी मान खाली घालून बसले होते कारण माझं चुकलं होतं. चुकल्यावर मान खाली घालतातच. म्हणून काय जन्मभर खालीच ठेवायची? तू बाविसाव्या वर्षी इकडे आलास, तुला इथली भाषा येत नव्हती, बर्फ माहीत नव्हतं. तू निघालास त्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेतली, तुला विमानतळावर पोचवलं, हसून हात हलवला आणि परतीच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून रडले. तुझा पासपोर्ट मी कपाटात ठेवू शकले असते.

आता माझा तुझ्याच कपाटात राहू दे. ताईकडे जायला तो लागत नाही. या वेळी दंडाइतके पैसे जवळ आहेत. फोन चालू आहे, त्यात मी कुठे आहे ते तुला दिसतं म्हणे, तर बघत बस. ठिपका मागच्या डब्यात असेल.

सूनबाईला काही बोलू नकोस. ती काल म्हणाली की सव्वानऊच्या गाडीला गर्दी कमी असते. मी तिच्याबद्दल जे काही म्हटलं होतं ते मागे घेते.

काळजी कर, पण बसून कर.

तुझी,
आई

२५ सप्टेंबर

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

या पत्रातल्या ओळी सरळ दिसतील, कारण ठमीने प्रत्येक ओळीखाली पट्टी धरली आहे. ती वाचत नाही असं म्हणते. तरी मधूनच हसते, त्यावरून काय ते समज.

ती सुखरूप आली हे तुला फोनवर कळलंच. फोनवर न सांगितलेलं सांगते. गाडीत तोच मिशीवाला तपासनीस आला. हिने या वेळी तिकीट डबीत चार वेळा खुपसलं होतं, चारही कोपऱ्यांना छाप! त्याने तिकीट उलटंसुलटं केलं, हिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. मग तो इतका हसला म्हणे, की बाजूची माणसं वळून बघायला लागली. पण तिकीट परत देताना त्याने टोपीला हात लावला.

दार उघडलं तेव्हा मला समोर फक्त एक धुरकट आकृती दिसली. मी हाताला धरून तिला खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. ती एरवी मिनिटभर गप्प बसत नाही. तेव्हा मात्र हलली नाही. केस पार पांढरे झाले आहेत. भुवईतला व्रण आहे तिथेच आहे, तो माझ्यामुळे पडलेला. डोळे आईसारखे झाले आहेत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पोटभर पाहून घेतलं. आता अंधार यायचा तेव्हा येऊ दे.

तू फोनवर म्हणालास की अठ्ठावीसला गाडी घेऊन तिला न्यायला येतोस. येऊ नकोस. त्या दिवशी आम्ही रेल्वेने येतो आहोत. आम्ही म्हणजे दोघी. मी तिला विमानात बसवणार, आणि मग तू मला घरी आणून सोड, तेवढी तुझी गाडी मी चालवून घेईन. काल स्टेशनापर्यंत चालत गेलो. ठमीने खोक्याचे सातही प्रश्न मला मोठ्याने वाचून दाखवले, उत्तरं मी दिली. दिवसभराचं तिकीट घेतलं आहे, दोघींना मिळून एक. रखडत जाणारी गाडी, सात तास लागतील. बावीस वर्षांचं बोलायला तेवढे पुरतील का, ही एकच काळजी आहे.

छाप मी उठवणार आहे. काल रिकामा कागद घेऊन त्या डबीवर हाताने चाचपून पाहिलं. फट कुठे आहे ते बोटांना बरोबर कळतं, आणि कट्ट आवाज ऐकायला डोळे लागत नाहीत. उतरतानाच्या पायरीची मात्र भीती वाटते, खोटं कशाला सांगू? ठमी म्हणते की ती आधी उतरेल आणि माझी पायरी मोठ्याने सांगेल. तू फलाटावर ये. मागच्या डब्यापाशी उभा राहा. आम्हाला उचलायला नाही, फक्त बघायला.

तुझ्यावर लोभ आहेच. तूही आमच्यावर थोडा भरवसा ठेव.

आता हे पत्र टाकायला आम्ही दोघी कोपऱ्यावर जातो आहोत, आणि तिथून पुढेही थोडं जाऊ म्हणते. ठमी चपला घालून उभी आहे. तिने दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं आहे, तेव्हा मला निघायला हवं.

तुझी,
मावशी