रंध्याचं उलटं पातं

तीर्थरूप बाबा,

आधी नमस्कार करते, मग भांडण सांगते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, एवढंच आईला वाचून दाखवा.

संग्रहालयाचं काम हाताने करून शिकवू, असं या अभ्यासक्रमाला प्रवेश देताना म्हणाले होते ना? दोन महिने झाले, हातमोजे चढवून मी नुसत्या चिठ्ठ्या चिकटवतेय! परवा परीक्षेसाठी प्रत्येकाला एकेक वस्तू तपासायला दिली. माझ्या वाट्याला सुताराचा रंधा आला, अगदी तुमच्याकडे आहे तसा. आणि त्यात पातं चक्क उलटं बसवलेलं! तीस वर्षं तो तसाच काचेच्या कपाटात मिरवतोय. लाकडावर फिरवला तर धड एक सालपट निघणार नाही.

मी अहवालात तसं लिहिलं. आमचे सर म्हणाले, "नोंदवहीतल्या फोटोत असंच आहे. तज्ज्ञाचा लेखी दाखला आण, नाहीतर नापास."

मी म्हटलं, "माझे बाबा सुतार आहेत."

"तज्ज्ञाचा म्हणालो मी," म्हणाले.

अंगाचा नुसता तिळपापड झाला, बाबा! ज्यांनी जन्मात खिळा ठोकला नाही ते शहाणे, आणि चाळीस वर्षं रंधा मारणारे तुम्ही कोणीच नाही?

दाखला तुम्हीच द्यायचा. आठ दिवसांची मुदत आहे. हाताचा कंप कमी झाला का? गोळ्या चुकवत नाही ना? मजकूर दादाला लिहू दे. सही मात्र तुमचीच हवी, कितीही वाकडी आली तरी. आणि तिच्याखाली दादाला ठळक अक्षरांत लिहायला सांगा: सुतार.

तुमची भांडकुदळ लेक