सात मिनिटांचा थांबा

३ फेब्रुवारी, सोमवार
पोचले एकदाची बोईसरला! ज्या पीएचडीपायी पुण्यात तीन वर्षं डोकं फोडलं, ती आता खऱ्या कारखान्यात चालणार. जुना प्रोग्राम वाचायचा, त्यातलं निरुपयोगी गाळायचं आणि बाकीचा नव्या भाषेत उतरवायचा, असं माझं साधन आहे. इथल्या चार रसायनटाक्या पंचवीस वर्षांच्या जुन्या प्रोग्रामवर चालतात. गेटवर वैद्यकीय तपासणी झाली, माझं वजन भरलं एक्कावन्न किलो. आईला कळवायचं नाही, डबे पाठवत बसेल. राहायला जवळच्या दांडी गावात उषाताईंकडे खोली मिळाली. रात्री बोंबलाच्या कालवणावर आडवा हात मारला.

४ फेब्रुवारी
साधनाने चाळीस हजार ओळी एका दमात वाचल्या. एक गंमत सापडली. चौथ्या टाकीचा ढवळायचा पंखा रोज दुपारी बारा ते बारा सात नुसताच थांबतो. प्रोग्रामच्या त्या तुकड्याचं नाव आहे ‘भिका’! त्याने हिशेबात काहीच बदलत नाही, म्हणून साधनाने तो गाळला. जुन्या-नव्या प्रोग्रामची उत्तरं तंतोतंत जुळली. मॅनेजर दिग्विजय सर खूश, सात मिनिटं वाचली म्हणून. मीही जरा फुशारलेच.

५ फेब्रुवारी
टाकीवरचा ऑपरेटर अंकुश, मासवण गावचा, तोंड पाडून बसला होता. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “बाई, भिका माजा काका. टाकी धुवायला उतरला नि पंखा चालू झाला. तवापासून बारा वाजता टाकी त्याची हाय. त्याला जेवू द्या.”
फार लाज वाटली. थांबणं उत्तरात दिसत नाही, म्हणून मी ते नाहीच असं धरलं.
आज टाकी रिकामी होती. तरी बाराला तिच्याखालच्या वजनकाट्यावर चौपन्न किलो दिसले. बरोबर सात मिनिटं. अंकुश म्हणाला, काका तेवढाच भरायचा.

६ फेब्रुवारी
काल संध्याकाळी थांबा परत घातला होता. सकाळी गायब. साधन बंद करून हाताने लिहिला. चहा पिऊन येते तो पुन्हा नाही. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्या आत्मारामकाकांना केळव्याला फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, थांबा कोणी काढला? मी म्हटलं, मी. त्यांनी फोन ठेवून दिला.

७ फेब्रुवारी
उद्या बाराला चौथी टाकी धुणार. अंकुश आत उतरणार. सरांना हात जोडून सांगितलं, त्याला उतरवू नका. ते हसले. काटा बिघडलाय म्हणे.
तिसऱ्यांदा लिहिला. राहत नाही. माझ्यामुळे त्याचा जीव— भीती वाटते. फार.

८ फेब्रुवारी, ११.५०
पंख्याची वीज मीच तोडली. सर ओरडतायत. ओरडू देत. अंकुशचा हात घट्ट धरलाय. तो बाहेर आहे. वाचला.

१२.००
पंखा फिरतोय. वीज नसताना—
काट्यावर चौपन्न.

१२.०१
एकशे पाच.
अंकुश तर इथेच आहे, माझ्या शेजारी. मग टाकीत वाकून माझ्या नावाने का ओरडतोय? अरे, मी इथे— हात धरलाय ना मी तुझा—
चौपन्न भिकाचे. वरचे एक्कावन्न—